न विचारलेली पिन

मी एक जुना, मोडलेला ट्राइक आहे. ट्राइक म्हणजे दोन माणसांचं चिमुकलं विमान, पण फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका, मित्रांनो. तीन चाकं, एकामागे एक दोन खुर्च्या, पाठीशी इंजिन आणि डोक्यावर कापडी पंख. मला पहिल्यांदा पाहणारे हसायचेच. हसा बापडे! उडत तर मीच होतो.

माझा आराखडा एका वेल्डरने काढला. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. पंखाचं कापड त्याच्या बायकोने शिवलं. ती तंबू आणि ताडपत्र्या शिवायची. चार वर्षं जेवणाच्या टेबलावर माझेच कागद पसरलेले, आणि ताटं मांडीवर. वजनाच्या बाबतीत मिस्त्री महाचिक्कू. खुर्चीच्या फोमलासुद्धा त्याने भोकं पाडली.

हवेत माझी चाकं, इंजिन, माणसं, सगळं पंखाला एकाच बोल्टवर लटकतं. बोल्टला नट, आणि नट फिरू नये म्हणून आरपार एक पिन. शेडमध्ये ठेवताना पंख काढावा लागे, म्हणून दर वेळी हे नव्याने जोडायचं. त्यांची रीत ठरलेली होती. मिस्त्री नट आवळून मोठ्याने विचारायचा, "पिन?" बाई ॲप्रनच्या खिशातून पिन काढून घालायची आणि म्हणायची, "लावली." मग ती मागच्या खुर्चीत बसायची. सहा वर्षांत एकदाही चूक झाली नाही. मला दोघांचा फार अभिमान वाटायचा.

मग एकदा बिनसलं. मागच्या खुर्चीची पाठ चार बोटं उंच करा, माझी कंबर धरते, असं ती म्हणाली. वजन वाढेल, तो म्हणाला. शब्दाने शब्द वाढला आणि दोघांनी अबोला धरला.

चौथ्या दिवशी मिस्त्री एकटाच उडायला निघाला. पंख धरायला ती आली, पण तोंड फुगवून. त्याने नट आवळला आणि काही न विचारता इंजिनाकडे गेला. तिला वाटलं, विचारलं नाही म्हणजे हत्यारांच्या पेटीतली दुसरी पिन त्यानेच लावली असेल. त्याला वाटलं, ही शेजारीच उभी आहे, लावलीच असेल. मला सगळं कळत होतं हो! पण सांगणार कसं?

मैदानापलीकडच्या झाडांच्या वरून उडत असताना नट फिरत फिरत गळून पडला. मग बोल्ट सरकला. पंख एकीकडे गेला आणि मी मिस्त्रीला घेऊन खाली कोसळलो. तो जागीच गेला.

चौकशीच्या अधिकाऱ्याने पिनचं विचारलं. बाईने खिशातून ती काढून टेबलावर ठेवली.

"आमचं बोलणं बंद होतं, साहेब," एवढंच ती म्हणाली.

आता मी शेडच्या कोपऱ्यात वाकड्या नळ्यांचा ढीग होऊन पडलोय. मित्रांनो, रुसा, भांडा, हवं तर आठवडाभर एकमेकांचं तोंड पाहू नका. पण कुणाचा जीव तुमच्या हातात असेल, तेव्हा कमीपणा घ्या आणि विचारा.

बाई रोज माझ्याजवळ स्टूल टाकून बसते आणि मिस्त्रीशी बोलते. आज भाजी काय केली, शेडचं शटर कसं अडकतं, सगळं सांगते. मध्येच थांबते, उत्तराची वाट पाहते, आणि पुन्हा बोलायला लागते.