मैनाच्या काखेतल्या दोन गाठी

पानशेत फुटलं त्या सालची गोष्ट. मी महाडला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो आणि स्वतःला अर्धा डॉक्टर समजत होतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणारे असतात ना, त्यातलाच मी.

शिवथरच्या वरच्या वाडीतली मैना, वय बत्तीस. कर्करोग म्हणून डॉक्टरांनी तिचा एक स्तन काढला, काखेतली चरबीही काढली. ती चरबी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "मुरारी, यातल्या सगळ्या गाठी बाटलीत घाल. अगदी बारीकसुद्धा. मुंबईला तपासतील. एका गाठीत जरी रोग सापडला, तरी तिला किरणांचा शेक द्यायचा. साफ निघाल्या तर घरी सोडायची."

मी चाचपून अकरा गाठी काढल्या. नऊ चवळीएवढ्या, दोन जेमतेम नाचणीच्या दाण्याएवढ्या.

मागच्या दाराशी मैनाची आई ठकूबाई बसून होती. "पोरीच्या अंगातला तुकडा दे रे बाबा. आमच्या बांधात पुरते. नायतर मेल्यावर ती त्यालाच शोधीत फिरंल."

डॉक्टरांनी तिला हाकललं असतं. पण मी पोलादपूरच्या डोंगरातला. माझ्या आजाचं तुटलेलं बोटही असंच बांधात पुरलेलं. शिवाय वर शहाणपण सुचलं, की रोग असला तर मोठ्या गाठींतच असणार. त्या दोन बारीक गाठी मी सागाच्या पानात बांधून तिला दिल्या.

मुंबईहून कागद आला: नऊ गाठी तपासल्या, रोग नाही. मैना हसत एसटीत बसली.

दुसऱ्या वर्षी ती परत आली. गळ्याशी, हाडाच्या वर, सुपारीएवढी गाठ. डॉक्टर जुना कागद काढून बसले. "काख साफ होती, मग हे आलं कुठून? मुरारी, गाठी नऊच होत्या ना?"

"नऊच," मी म्हणालो.

नोकरी जाईल म्हणून घाबरलो, दुसरं काही नाही. तेव्हापासून त्या दोन गाठी माझ्या बोटांना लागतात. हात धुताना लागतात, नाचणीची भाकरी मोडताना लागतात. खरं सांगून तरी आता ती वाचली नसती, असं मनाला समजावतो. मन ऐकत नाही.

शिमग्याच्या आधी मैना गेली.

दिवाळी झाल्यावर ठकूबाई दवाखान्यात आली. तिने पदरातलं गाठोडं टेबलावर सोडलं. नवी नाचणी होती.

"त्याच बांधाखालची हाय. पहिलं धान्य तुला."

मी हात मागे घेतला.

"घे रे. तू गाठी दिल्यास, म्हणून माझी पोर अर्धी नाय गेली. सगळी गेली."

डॉक्टर आतल्या दारात उभे होते. कधी आले, कळलं नाही.

"किती गाठी दिल्या यानं, आजी?" त्यांनी विचारलं.

ठकूबाईने दोन बोटं वर केली.