पहिल्या ओळीतले घड

गोविंदपुरम्‌चा भजनोत्सव आटपून चंद्रमौळी दहा दिवसांनी परतला, द्राक्षबागेत शिरला आणि तिथूनच बोंबलला. पहिल्या ओळीखाली वाटाण्याएवढ्या मण्यांचे हिरवे घड पडले होते. त्याची थोरली बहीण पंकजा कात्री घेऊन त्याच ओळीच्या शेवटच्या वेलीशी उभी होती.

"अय्यो अक्का! अस्के घड मारलीस गे?"

"अस्के कोठें? अर्धे ठेवलेत कीं."

"कच्चं फळ तोडतीस? गर्भरक्षांबिकेच्या गांवांत?"

माझं केळीचं शेत बांधापलीकडेच, त्यामुळे कान लावावा लागला नाही. तमिळ मुलखातल्या आमच्या ह्या तिरुक्करुगावूरची देवी गर्भ राखते, म्हणून लांबलांबच्या बाया नवस घेऊन येतात. पण ती द्राक्षवेलींचंही पोट सांभाळते, हा शोध चंद्रमौळीचाच. तीस वर्षं विमा कचेरीत खुर्ची झिजवून आलेला हा माणूस, आल्या आल्या बागाईतदार झाला. जमीन पंकजाक्काच्या वाट्याची, वेली तिनं लावलेल्या, चिखलात मुळं कुजू नयेत म्हणून उंच वाफेही तिनंच घातलेले. हुकूम मात्र ह्याचा.

आणि हुकूम तरी कसले? भाताला सोडावं तसं पाणी सोडायचं. एकेका वेलीवर चाळीस घड लटकू द्यायचे आणि त्यांचे फोटो आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकायचे. गेल्या वर्षी वाइनवाल्या सतीशकुमारनं त्या द्राक्षांचं एक पिंप करून पाहिलं आणि बाटली घेऊन आला. "द्राक्षं धुतलेलं पाणी आहे हे," म्हणाला. आम्ही विठ्ठलाचे माळकरी, चाखणार कोण? चंद्रमौळीनं नुसता वास घेतला आणि उत्तम म्हणून मान हलवली. यंदाही तेच निघालं तर सतीशकुमार पुन्हा येणार नव्हता, आणि वेली उपटून केळी लावायचं चंद्रमौळीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून पंकजाक्काला अन्न गोड लागत नव्हतं.

"एका आईला चाळीस लेकरं," ती म्हणाली, "कोणाच्या तोंडांत किती पडेल रे मौळी? अंबा गर्भ राखते, तुझी अक्कल कोण राखेल?"

"देवीची थट्टा नक्को!"

"देवीची कोठें? तुझी करतें."

त्यानं कात्री हिसकावून घेतली. एकच ओळ झाली होती. मग तिनं त्या ओळीतल्या घडांवरची पानं हातानं खुडली, आणि काढणीआधी तीन आठवडे त्या ओळीचं पाणी चिखलाचा बांध घालून अडवलं. पानं मलूल झाली. चंद्रमौळी पाहुण्यांना आपले टपोरे घड दाखवायचा, मग मुद्दाम तिकडे वळवून म्हणायचा, "हें अक्काचं स्मशान." लाज वाटते सांगायला, पण मीही हसलो.

काढणीच्या सकाळी सतीशकुमार गोडी मोजायची नळी घेऊन आला. चंद्रमौळीनं सगळ्यांत मोठा घड पुढे केला. सतीशकुमारनं दोन मणी चिरडून नळीत पाहिलं आणि नळी पुसली. "चौदा." दुसऱ्या ओळीचे चौदा, पाचवीचे तेरा. वाइनला बावीस तरी हवेत. पंकजाक्का पदराचं टोक पिळत उभी होती.

तिच्या ओळीतले मणी लहान, जाड सालीचे, जवळजवळ काळे. सतीशकुमारनं नळी दोनदा धुऊन पाहिलं.

"तेवीस! हे कोणी केलं?"

"आम्हीच," चंद्रमौळी पुढे सरला. "पहिल्यापासून सांगत होतों मी, घड कमी करा म्हणून."

मला ठसका लागला.

"पानं कुठल्या अंगाची काढलीत?"

"दोन्ही. दोन्ही अंगांचीं."

सतीशकुमारनं वेलीकडे पाहिलं. पश्चिमेची पानं जागच्या जागी होती.

"उगवतीकडचीं," पंकजाक्का म्हणाली. "दुपारचं ऊन लागलें तर घड भाजतो."

यंदा त्यानं ती एकच ओळ उचलली. पण पुढच्या पाच हंगामांचा करार तिथंच बांधावर बसून लिहिला: सगळी बाग, ह्याच पद्धतीनं. लिहून देणार, जमिनीची मालकीण म्हणून, बाई पंकजा. तिनं सही केली आणि कागद भावापुढे सरकवला.

"हां मौळी, इथें साक्षीदार पाहिजे."

चंद्रमौळीनं चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला, घसा खाकरला आणि तिनं बोट ठेवलेल्या जागी सही केली.