ओळीत मावणारा ट्रॅक्टर

घरचा जुना ट्रॅक्टर लिंबाच्या बागेत शिरला की दर खेपेला दोन-चार फांद्या मोडूनच बाहेर यायचा. त्याचाही दोष नव्हता. तो घेतला तेव्हा त्या जमिनीत गहू होता, बाग मागाहून आली. सहा वर्षांत झाडं ऐसपैस पसरली आणि दोन ओळींमधली वाट जेमतेम साडेचार फूट उरली.

ट्रॅक्टर चालवायची ती सून. तिचा नवरा लिंबं घेऊन बाजारात जायचा. घासाघीस करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण स्टिअरिंग हातात आलं की त्याला दरदरून घाम फुटायचा. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी उमेदीत ट्रॅक्टर हाकला होता. गुडघे कुरकुरू लागले तशी त्यांनी गादी सुनेला दिली.

एका सकाळी फवारणी करताना काटेरी फांदी सुनेच्या गालावर सपकन बसली. दुपारी जेवताना ती म्हणाली, "अण्णा, आता छोटा ट्रॅक्टर घ्यायचा."

"छोटा? म्हणजे चावी दिली की चालणारा?"

"बागेतला हो. ओळीत मावणारा."

"घ्यायचाच तर वृषभ घ्या," अण्णांनी निकाल दिला. "आपला आहे तोही वृषभच. पंचवीस वर्षांत हूं की चूं नाही."

"मागच्या आठवड्यात तिघांनी ढकलला तेव्हा सुरू झाला," नवरा ताटात बघत पुटपुटला.

अण्णांनी ते ऐकलंच नाही.

सुनेने जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर रकाने आखले: कंपनी, किंमत, रुंदी, मागे किती वजन उचलतो, बिघडला तर माणूस किती लांबून येणार. कागद स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवला आणि दुसऱ्या दिवशी अण्णांना घेऊन निघाली.

वृषभचं शोरूम काचेचं आणि गारेगार. विक्रेता सरळ अण्णांकडे वळला. "या काका, अठ्ठावीस एचपी, पॉवर स्टिअरिंग, सहा लाख दहा हजार." अण्णा खुर्चीत रेलून अशी मान डोलावत होते की जणू कारखाना त्यांचाच. सुनेने मात्र पर्समधून मोजपट्टी काढली आणि मागच्या चाकाशी उकिडवी बसली.

"बावन्न इंच."

"मॅडम, माहितीपत्रकात अठ्ठेचाळीस आहे."

"माहितीपत्रक बागेत न्यायचं नाहीये मला."

विक्रेता पुन्हा अण्णांकडे बघू लागला. "माझ्याकडे काय बघता?" अण्णा म्हणाले. "चालवणार ती. मी नुसता सोबत आलोय." सुनेला बरं वाटलं. पण बाहेर आल्यावर अण्णा म्हणालेच, "बावन्न तर बावन्न. झाडं जरा छाटू."

दुसरा ट्रॅक्टर दोमा. खताच्या दुकानाच्या अर्ध्या भागातच त्याची एजन्सी होती. रुंदी चाळीस इंच, किंमत अवघी पाच लाख, वर छत फुकट, अवजारांची पेटी फुकट आणि अण्णांना एक टोपीही फुकट. ती त्यांनी लगेच घातली.

"सुटे भाग कुठे मिळतात?" सुनेने विचारलं.

"मिळतात की! मागवले की येतात."

"किती दिवसांत?"

"तसे... येतात," दुकानदार म्हणाला आणि त्याने चहा मागवला.

तिसरा निमारा. बेचाळीस इंच, पण किंमत सहा लाख चाळीस हजार, तिघांत चढी. विक्रेता मितभाषी, खिशाला दोन पेनं लावलेला. विचारलं तेवढंच सांगायचा, तेही विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघून. निघताना मात्र स्वतःहून म्हणाला, "ताई, सीट फार कडक आहे. उशी घ्यावी लागेल, आधीच सांगतो." आपल्याच मालाचं उणं सांगणारा विक्रेता सुनेने पहिल्यांदाच पाहिला.

परतताना ती मिस्त्रीच्या गॅरेजपाशी थांबली. जुन्या वृषभचं आतडं न् आतडं त्याला पाठ होतं.

"तिघांतला कुठला घेऊ?"

मिस्त्रीने हात पुसले. "माझ्याकडे कोण कमी येतं ते सांगू? निमारा. वर्षात एखादाच, तोही तेल बदलायला. स्वतःच्या पोटावर पाय देऊन सांगतोय बरं का."

"आणि दोमा?"

"दोमाची पोरं माझ्याकडे वाढतायत," तो म्हणाला आणि कोपऱ्यात भागांची वाट पाहत उभ्या असलेल्या दोन ट्रॅक्टरांकडे त्याने बोट दाखवलं.

अडचण एवढीच, की घरात ठरलं होतं सहा लाखांच्या वर जायचं नाही. तरी चालवून तर बघू म्हणून तिने निमारावाल्याला बागेत बोलावलं. शनिवारी तो गाडीवर डेमोचा ट्रॅक्टर चढवून हजर झाला. सुनेने मागे फवारणीचा पंप जोडला आणि पहिल्या ओळीत शिरली. पानं नुसती सळसळली. ओळीच्या टोकाला एका दमात वळून ती शेजारच्या ओळीतून परत आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचं हसू लपत नव्हतं.

ते बघून अण्णांना राहवेना. "उतर. मला बघू दे."

"अण्णा, गुडघे..."

"गुडघ्यांनी चालवतात का?"

ते चढून बसले. जुन्या वृषभचा क्लच दाबायचा म्हणजे सगळं अंग टाकावं लागे. निमाराची पेडलं लोण्यासारखी मऊ. अण्णांनी सवयीने दणकून पाय दिला, गडबडीत तो क्लचवरून सटकला आणि दुसरा अ‍ॅक्सिलरेटरवर पडला. ट्रॅक्टरने बेडकासारखी उडी मारली आणि फाटकाच्या दगडी खांबाला धडकून बंद पडला.

सून धावली. अण्णा धडधाकट होते. बॉनेटला मात्र परातीएवढा पोचा आला होता आणि एक दिवा फुटला होता.

"हा खांब इथे कुणी रोवला?" अण्णा गरजले.

"तुम्हीच," नवरा म्हणाला.

मग अण्णा वरमले. ते खाली उतरले, ओट्यावर जाऊन बसले. चहा आला तो घेतला नाही. सून शेजारी टेकली.

"कुठे लागलं का?"

"मला कुठे लागलं. तुझा ट्रॅक्टर गेला ना माझ्यापायी. आता कशाला देतील ते आपल्याला?"

तिला त्यांची माया आली. आठवडाभर वृषभ वृषभ करणाऱ्या माणसाने निमाराला आपणहून 'तुझा ट्रॅक्टर' म्हटलं होतं.

तिकडे विक्रेता पांढराफटक पडून एजन्सीच्या मालकीणबाईंना फोनवर सांगत होता. सुनेने फोन मागून घेतला. "बाई, चूक आमची आहे, तुमच्या माणसाची नाही. भरपाई हवी तर देतो. पण हाच ट्रॅक्टर आम्ही घेतला तर? डेमोत फिरलेला आहे, आता पोचाही आलाय. नवा म्हणून तर तो विकता येणार नाही."

पलीकडे विचार चालला होता. तेवढ्यात नवऱ्याने फोन घेतला आणि फाटकाशी येरझाऱ्या घालू लागला. लिंबाच्या ढिगापुढे असायचा तसा त्याचा आवाज मधाळ झाला होता. मध्येच तो हसला, मध्येच "मग राहू द्या" म्हणाला, मध्येच त्याने मालकीणबाईंच्या मुलांची चौकशी केली. वीस मिनिटांनी परत आला.

"पाच पंच्याऐंशी. दिवा आपण बदलायचा, पोचा आपला. गॅरंटी पूर्ण, तीही लेखी."

"आणि उशी?" सुनेने विचारलं.

विक्रेत्याला इतकं हायसं वाटलं होतं की तो म्हणाला, "उशी माझ्याकडून."

अण्णांनी तेव्हा गार झालेला चहा मागून घेतला.

पोचा ठोकून काढायला मिस्त्री तयार होता, पण अण्णांनी हात लावू दिला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते बॉनेट दाखवत. "भाव पाडायचा तर डोकं लागतं. सूनबाई नुसती मोजपट्टी घेऊन फिरत होती. मी एका दणक्यात पंचावन्न हजार उतरवले!"

शेजारच्या पेरूबागेच्या मालकाने सगळं लक्ष देऊन ऐकलं. त्यालाही छोटा ट्रॅक्टर घ्यायचा होता. "अण्णा," तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "माझ्याकडे बुधवारी डेमो आहे. तासभर येता का?"

अण्णांनी टोपी सारखी केली आणि वेळ विचारली. आतून सून घाईघाईने बाहेर आली. "बुधवारी त्यांना जमायचं नाही," ती म्हणाली.