भट्टीपाशी कोण बसतं?

महाळुंग्यात कंपन्यांच्या गेटासमोर जेवणाच्या हॉटेलांना तोटा नाही, पण भाकरी खायची तर ज्योतीरामकडंच, हे शिफ्टवरच्या पोरांनी कधीच ठरवून टाकलेलं. हा माणूस केजकडून आलेला. आधी कंपनीत हेल्पर होता, मग हातगाडी टाकली, मग पत्र्याचं शेड, आणि आता टाइल्स बसवलेलं, लाइटच्या बोर्डाचं हॉटेल. नाव ‘आपुलकी’. त्या नावाचा त्याला भारी अभिमान. "आपल्याकडं नोकर न्हाईत बरं का, सगळी घरचीच माणसं," असं तो ताट वाढता वाढता गिऱ्हाइकाला ऐकवायचा. गिऱ्हाईक बिचारं भुकेलं, ते नुसतं मान डोलवायचं.

अशा माणसाला एकाएकी विम्याची आठवण का व्हावी? तर चाकणच्या रस्त्यावर एका हॉटेलात गॅसचा भडका उडाला. मालकाला फ्रिजचे, टेबलखुर्च्यांचे पैसे मिळाले. भाजलेल्या आचाऱ्याचं नाव मात्र विम्यात कुठंच नव्हतं. हात कामातून गेला म्हणून तो गावी निघून गेला, आणि त्याची बायको मालकाच्या दारात बसून राहिली. ज्योतीरामनं तिला येता-जाता बघितलं आणि त्याची जेवणावरची वासनाच उडाली. "काय पैसे जायचेत ते जाऊ दे," तो बायकोला, विजयश्रीला म्हणाला, "पर आपलं एक बी माणूस बाहेर ऱ्हायला नको."

म्हणून मग वाकडहून विम्याची एजंट आली. करिष्मा तिचं नाव. दुपारची गर्दी ओसरली होती, विजयश्री गल्ल्यावर बसली होती आणि आत भाकऱ्या थापल्याचा आवाज चालू होता. ज्योतीरामनं आधी तिला जेवायला बसवलं, मग कामाचं बोलू दिलं.

आगीचा विमा? घ्या. चोरीचा? तोही घ्या. फ्रिज, मिक्सर, कणीक मळायचं मशीन, सगळं घ्या. करिष्मानं बाहेरचा बोर्ड दाखवून विचारलं, तर म्हणाला, "नावाचा बोर्ड हाय ताई, त्याला कसं सोडायचं?" जेवणातून गिऱ्हाइकाला त्रास झाला तर, असा विषय तिनं काढला तेव्हा मात्र त्याचं तोंड उतरलं. "आमच्या जेवनानं? आत्ता तुमीच जेवलाव ना?" पण जरा वेळानं स्वतःच म्हणाला, "घ्या, ते बी घ्या. लोकांच्या पोटाचा काय भरवसा?"

मग कामगारांचा विमा आला. दोन वेटर आणि भांडी घासणारी अंबुबाई यांची नावं त्यानं सांगितली, पगार सांगितले. करिष्मानं मान वळवून आत पाहिलं.

"भट्टीपाशी कोण बसतं, दादा?"

"त्या व्हय? सोजरवैनी. माझ्या थोरल्या भावाची मंडळी."

"त्यांचा पगार किती लिहू?"

ज्योतीराम हसला. "अवो ताई, घरच्या माणसाला पगार देतेत का कुठं?"

आता यात त्याच्या मनात काही काळंबेरं होतं, असं कुणी म्हणू नये. भाऊ आबाजी वारला तेव्हा यानंच वहिनीला गावाहून आणलं. हॉटेलाच्या वरच्या खोलीत तिला जागा दिली, दिवाळीला लुगडं, दुखलंखुपलं तर दवाखाना, तिच्या लेकीचं लग्नसुद्धा यानंच लावून दिलं. तिच्यापुढं हा कधी मोठ्या आवाजात बोलला नाही. अशा बाईचं नाव वेटरच्या खाली ‘कामाला’ म्हणून लिहायचं म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय राहायची नाही. मान राखायचा म्हणूनच त्यानं तिला वगळलं होतं.

करिष्मा म्हणाली, "कामगारांच्या विम्यात पगारावरचं माणूसच धरतात. मग मालक म्हणून दाखवायचं का? परवान्यावर त्यांचं नाव आहे?"

विजयश्रीला अचानक गल्ल्यातली चिल्लर नीट लावायची आठवण झाली.

"परवाना माझ्या अन् हिच्या नावावर हाय," ज्योतीराम म्हणाला. "त्यांची वेगळी पॉलिसी काढा की मग, अपघाताची."

"काढू. पण त्यातही विचारतात, काम काय आणि कमाई किती. कमाई काहीच नसेल तर रक्कम अगदी नावालाच मिळते."

"घरचं माणूस, असं काई लिहिता येत न्हाई का तुमच्यात?"

"नाही हो दादा. त्या मालक नाहीत आणि कामालाही नाहीत. उद्या भडका उडाला तर तुमच्या बोर्डाचे पैसे मिळतील, त्यांचे नाही मिळणार."

तिनं हे काही टोचून म्हटलं नाही. रोजच्या कामातलं बोलणं होतं तिचं. पण ज्योतीरामला तिचा राग आला, आणि त्यापाठोपाठ स्वतःची लाज वाटली.

भाकऱ्या थापल्याचा आवाज थांबला होता. सोजरबाई पदराला हात पुसत दारात आली.

"भावजी, कामाला लिहा मला."

"अगं बाई, अक्का!" विजयश्री गल्ल्यावरून उठलीच. "लोक काय म्हनतील? थोरल्या जावंला मोलकरीन केली म्हनतील!"

"म्हनू दे. लोकांना कुठं भट्टीम्होरं बसायचंय?" मग ती करिष्माकडं वळली. "पोरी, कामाला असलेल्या मानसाला सुट्टी असती का गं?"

"असते की, मावशी. आठवड्यातून एक."

"असती, मला ठावं हाय. ही पोरं घेतेत, अंबुबाई घेती. तरी म्हनलं तुला इचारावं."

ज्योतीराम तिच्याकडं बघतच राहिला. वेटर सुट्टीवर गेला की तो स्वतः ताटं वाढायचा, अंबुबाई नसली की विजयश्री भांड्यांना बसायची. पण भट्टी कुणी सांभाळली होती? आठवून आठवून डोकं शिणलं, तरी वहिनीशिवायचा एक दिवस त्याला आठवेना. घरच्या माणसाला सुट्टी कसली द्यायची? तसं कधी मनातच आलं नव्हतं.

"वैनी, असं परक्यावानी काय बोलायलाव? मला सांगायचं ना. लेकीकडं जायचंय का? गाडी करून देतो, चार दिवस ऱ्हा निवांत."

"न्हाई, कुठं जायचं न्हाई," सोजरबाई म्हणाली. "झोपायचंय."

करिष्मानं हळूच विचारलं, "पगार काय लिहू?"

ज्योतीरामनं वहिनीकडं पाहिलं. ती म्हणाली, "मी नसते, तर भाकरी कराया दुसऱ्या बाईला काय दिलं असतं, ते लिहा."

दुसरी बाई काय घेते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शेजारचे हॉटेलवाले त्यावरूनच तर रोज रडायचे, आणि हा त्यांची कीव करायचा. त्यानं आकडा सांगितला तेव्हा मान वर केली नाही. विजयश्रीही यावेळी मध्ये पडली नाही. सोजरबाईनं सही केली आणि तवा तापलाय म्हणत आत गेली.

सुट्टीचा वार सोमवार ठरला. त्या सोमवारी ज्योतीराम स्वतः भट्टीपाशी बसला. हातगाडीच्या दिवसांत भाकरी थापायला शिकला होता तो, पण आता हाताची सवय मोडली होती. पहिल्या काही भाकऱ्या तव्यावर टाकताना फाटल्या, पुढच्या करपल्या. दुपार होईतो पाठीचा कणा बोलायला लागला, मनगटाला चटका बसला, आणि डोळ्यांपुढं नुसती धग. उठावं म्हटलं तरी बाहेर पोरं ताटं घेऊन खोळंबलेली.

"काय ज्योतीरामभाऊ, मावशी गावी गेल्या का?" एका पोरानं खिडकीतून विचारलं.

"न्हाई रं, हितंच हायेत. सुट्टी हाय त्यांची."

संध्याकाळ झाली तरी वरच्या खोलीचं दार उघडलं नाही. सोजरबाई दुपारी जेवायलाही खाली आली नव्हती. विजयश्रीला काळजी वाटायला लागली. तिनं चहाचा कप भरला आणि जिन्याकडं निघाली, तसा ज्योतीराम भट्टीपासून उठून आडवा आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "नगं उठवूस. आजच्या एका दिसाची झोप न्हाई ती, इतक्या वर्सांची साठलीया."