सड्यावरचा डावा कौल

“पडला! डावाच पडला!”

रत्नागिरीच्या वरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, एकच कल्ला उठला. पाच-सहाशे माणसं, भर वैशाखाचं ऊन, पायाखाली तापलेला कातळ. पण कोणी हलेल तर शपथ! नारळ फुटत होते, झांजा वाजत होत्या. एका म्हातारीच्या अंगात यायच्या बेतात होतं आणि तिची सून तिला “आत्ता नको, आधी सावलीत चला,” म्हणून ओढत होती. मधोमध फुलांनी मढवलेला एक काळा धोंडा, आणि त्याच्यामागे मांडी ठोकून बसलेले साक्षात कौलबुवा.

कौल म्हणजे काय हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. देवाच्या दोन्ही अंगांना पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. सोयरिकीपासून हरवलेल्या म्हशीपर्यंत सगळं या दोन पाकळ्यांवर चालतं. पण आज प्रश्न म्हशीचा नव्हता, चोवीस घरांचा होता.

गर्दीत पदर खोचून उभ्या असलेल्या सगुणेचा जीव त्या पाकळीत अडकला होता. सगुणा फणसाचे तळलेले गरे विकायची. नवरा गलबतावर, वर्षातून दोनदा घरी. पदरात सासू आणि दोन मुली. धोंडूशेटच्या खोपटात ती राहायची. खोपट एवढं की एकीने कूस बदलली तर चौघींनी बदलावी. त्याचं भाडं शेटने दीड रुपयावरून अडीचवर नेलं होतं. वर म्हणाला होता, “झेपत नसेल तर वर्षअखेर खाली कर.”

म्युनिसिपालिटीने मात्र त्या साली, म्हणजे एकतीस साली, मोठं शहाणपण केलं होतं. घरकमिटीचे चिटणीस चिंतामणी मास्तर वही घेऊन दारोदार फिरले. माणसं किती, मिळकत काय, भाडं किती झेपेल? एक म्हातारा म्हणाला, “माणसं नऊ, झोपायची जागा सहांना. तिघं पाळीने जागतात.” मास्तरांनी तेही लिहून घेतलं. साऱ्याचा हिशोब करून ठरलं की सड्यावरच्या पडीक जागेत जांभ्या दगडाची चोवीस घरं बांधायची, भाडं सव्वा रुपया. प्रेसिडेंटसाहेब सभासदांना घेऊन जागा बघायला येणार आणि तिथेच ठराव होणार, असं ठरलं.

आणि बरोबर तीन दिवस आधी हा धोंडा प्रकटला! एरवी देवळात प्रसादाच्या वेळेलाच दिसणाऱ्या धोंडूशेटने त्याच्यासाठी पदरमोड करून फुलं आणि झांजवाले आणले.

“अलख! ओम फट्!” कौलबुवा देवाच्या वतीने गरजले. “पाताळातून निघालो, सात समुद्र ढवळले, भाट्याच्या खाडीत वायच दम खाल्ला आणि या सड्यावर उभा राहिलो! मी आलो नाही, मला आणलाय!”

“कोणी?” मागून कोणीतरी विचारलं.

“काळाने!”

“असं होय! आम्हाला वाटलं धोंडूशेटने.”

“हसू नका रे! कडक देव हाय. याला तेल चालत नाय, शेंदूर चालत नाय. तेलाचं बोट लागलं तर गाव जळेल!”

पहिला प्रश्न झाला होता, “देवा, इथे घरं व्हावीत का?” डावी पडली होती. आता दुसरा: “भाडं सव्वा रुपया असावं का?” बुवांनी पाकळ्या अंगठ्याने दाबून बसवल्या. उन्हात पाणी वाळायला कितीसा वेळ? डावी पाकळी टपकन खाली. उजवी मात्र जशी जन्मापासून तिथेच होती.

प्रेसिडेंटसाहेबांनी घाम पुसला. “काय करायचं मास्तर? लोकांच्या मनाविरुद्ध कसं जायचं? ठराव तहकूब करू.”

तहकूब! तहकूब म्हणजे पुढल्या वर्षी सगुणेची सासू, मुली आणि तेलाची कढई रस्त्यावर.

तेवढ्यात कौलबुवा प्रसन्न झाले. त्यांनी साहेबांच्या मस्तकावर उजवा अंगठा टेकवला, “कल्याण!” म्हणाले आणि हात उचलला. हाताबरोबर साहेबांची टोपीही उचलली गेली. बुवांनी हात झटकला, टोपी हलेना. दुसऱ्या हाताने ओढली, तेव्हा कुठे ती सुटली. साहेबांचं टक्कल उन्हात झळकलं.

“चमत्कार!” लोक ओरडले. “टोपी आपसूक उठली!”

सगुणा मात्र बुवांच्या अंगठ्याकडे टक लावून बघत राहिली. काळा, मेणचट, त्याला दाढीचे चार केस आणि एक माशी. दिवसाला दहा फणस चिरणारीला ती खूण सांगावी लागते? ती मास्तरांच्या कानाशी आली.

“मास्तर, बुवाच्या अंगठ्याला चीक हाय.”

“कसला?”

“फणसाचा हो! पाण्यासारखा सुटत नाय तो. आनी तेल का चालत नाय देवाला? तेलानंच चीक निघतो म्हणून!”

मास्तरांचे डोळे चमकले. “तेल आहे तुझ्याकडे?”

“गरेवालीकडं तेल नाय तर काय अत्तर असणार?”

“थांब मग. आधी मला चार प्रश्न विचारू दे.”

मास्तर हात जोडून पुढे झाले. “बुवा, देवाचं म्हणणं पक्कं कळलं पाहिजे. तोच प्रश्न जरा उलटा विचारतो.” सहाशे माणसांसमोर बुवा नाही कसं म्हणणार? त्यांनी पाकळ्या लावल्या.

“देवा, इथे घरं बांधूच नयेत का?”

डावी पडली.

मासळीवाली गंगुबाई मोठ्याने म्हणाली, “म्हंजे बांधा म्हणतो काय गो?”

“देव कोपलाय!” बुवा किंचाळले.

“त्यालाच विचारू. देवा, कोपलास का?” डावी. “नाही कोपला. बरं देवा, सूर्य पूर्वेला उगवतो का?” डावी. आता पोट धरून हसणाऱ्यांची रांग लागली. “शेवटचं विचारतो देवा. धोंडूशेट भला माणूस आहे का?”

टपकन डावी.

“खोटा हाय हा देव!” धोंडूशेट उसळून ओरडला. “तीन दिवस जेवायला घातलं याला!”

“देवाला का बुवाला?” गंगुबाईने विचारलं.

मग सगुणा पुढे झाली. वाटीतलं खोबरेल तिने धोंड्याच्या उजव्या अंगाला चोळलं. बुवा “गाव जळेल! गाव जळेल!” करत असतानाच पाकळी घसरली, आणि तिच्यामागून चिकाची वीतभर तार निघाली. सगुणेने ती दोन बोटांत ताणून सगळ्यांना दाखवली.

“ही बघा, ही देवाला नको म्हणायला लावत होती! उजव्या अंगाला चीक, डाव्याला नुसतं पाणी. मग पडणार कोण?”

बुवांच्या झोळीतून काडीला गुंडाळलेला चिकाचा गोळा निघाला. बुवांनी क्षमा मागायला हात जोडायचं मनात आणलं. पण घाबरून दाढीत घातलेला उजवा हात सुटेना. काकुळतीला येऊन म्हणाले, “बाय माझे, वायच तेल दे गो!”

सगुणेने दिलं. वर म्हणाली, “आधी हात पूस, मग तोंड काळं कर.”

गाव काही जळलं नाही. प्रेसिडेंटसाहेबांनी टोपी नीट बसवून तिथेच ठराव वाचला आणि सगळ्या सभासदांनी हात वर केले. एका भाबड्याने सुचवलं, “घरं कोणाला द्यायची ते तरी कौल लावून ठरवू?”

मास्तर हसले. “बापहो, मीही देवाचा माणूस. कीर्तन ऐकल्याशिवाय मला झोप लागत नाही. पण कोणाच्या खोलीत किती माणसं कोंबलीत, हे देवाला विचारायचं कशाला? दार उघडावं, मोजावं. ज्याची अडचण जास्त आणि मिळकत कमी, त्याचं नाव वर.” त्यांनी वही उघडून नावं वाचायला सुरुवात केली. सातवं नाव सगुणेचं होतं. चौघी, एक खोपट.

सगुणा तिथेच कातळावर बसली. मग चटका बसून उठली आणि मास्तरांना म्हणाली, “चुलीपाशी जागा जरा रुंद ठेवा हो. माझी कढई मोठी हाय.” मास्तरांनी तेही लिहून घेतलं.

तेव्हा मंडळी, देवाला नमस्कार जरूर करा. मन निवळायला, अहंकार गळायला त्याच्यासारखं ठिकाण नाही. पण त्याच्या नावाने कोणी तुमच्या डोक्यावरचं छप्पर अडवायला आला, तर देवानेच दिलेली अक्कल वापरा आणि तोच प्रश्न एकदा उलटा विचारून बघा.