परात आहे, मोरी नव्हे!

मी एक जुनी लाकडी परात आहे. सुताराने फळ्या शेजारी शेजारी उभ्या करून भोवती तांब्याच्या दोन पट्ट्या आवळल्या, आणि मी झाले. खिळा नाही की सरस नाही. कोपऱ्यावरच्या या स्वस्तातल्या सुशीच्या खाणावळीत माझी पंचवीस वर्षं गेली. आठ स्टुलं, तीन टेबलं आणि शेजारच्या लॉन्ड्रीची फुकटची वाफ, एवढाच आमचा थाट.

मित्रांनो, गिऱ्हाइकं काचेतला मासा पाहून "वा, काय ताजा!" म्हणतात. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. अहो, सुशी म्हणजे आधी भात! तो कढत कढत माझ्यात पडतो, त्यावर गोडसर व्हिनेगर, मग हलक्या हाताने कालवायचा आणि पंख्याने वारा घालायचा. जास्तीचं पाणी मी पिते, म्हणून शितं मोकळी होऊनही एकमेकांना धरून राहतात. एवढं करून लोक तो घास सॉसमध्ये बुचकळून काढतात. असो.

खाणावळ म्हाताऱ्या आचाऱ्याची. गुडघे गेल्यापासून त्याला उभं राहवत नाही, सगळं मुलगी आणि जावई बघतात. त्याच्याकडे एकच काम उरलंय: रोज सकाळी काठी टेकत यायचं, माझ्यातला पहिला घास चाखायचा आणि मान डोलवायची. मगच दार उघडतं. मी मोडीत गेले तर त्याला इथे यायला कारणच उरणार नाही, याची मला सतत धास्ती.

आणि जावई! कामाला वाघ, पण कुणाला विचारेल तर शपथ. एका सोमवारी स्वच्छतेचा झटका आला आणि त्याने मला लिंबाच्या साबणाने खसाखसा घासून गच्चीत उन्हात ठेवलं. मला फक्त पाणी आणि सावली चालते, हे ठाऊक असलेला सासरा दहा पावलांवर बसला होता! माझ्या फळ्या आकसल्या, खालची पट्टी खळकन पडली. पठ्ठ्याने ती ठोकून बसवली आणि दुसऱ्या सकाळी माझ्यात भात कालवला.

म्हाताऱ्याने घास तोंडात टाकला आणि तसाच रुमालात काढला.

"जावईबापू, ही परात आहे, मोरी नव्हे!"

"मग स्टीलची आणतो ना, बाबा. रोजची कटकटच नको."

म्हाताऱ्याने काठी शोधली.

"उद्यापासून बाबा कशाला येतील मग?" मुलगी हळूच म्हणाली.

जावई माझ्याकडे बघत राहिला. मग जन्मात पहिल्यांदा त्याने विचारलं, "बाबा, हिचं आता काय करायचं?"

"पाण्यात बुडवून ठेव. पाणी रोज बदल. मला आधीच विचारलं असतंस तर?"

"तुम्ही रागावता!"

"मग आत्ता काय आरती ओवाळतोय?"

तीन दिवस खाणावळ बंद राहिली. मी पाणी पिऊन फुगले, पट्टी घट्ट बसली, साबणाचा वास गेला. चौथ्या दिवशी म्हाताऱ्याने घास चाखला आणि मान डोलवली. बुडाशी केसाएवढी चीर राहिली ती राहिलीच.

म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या, पण आधी जाणत्याला विचारा. आमचा जावई आता विचारतो. अति विचारतो! काल म्हणाला, "बाबा, पंखा कोणत्या हाताने धरू?" म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला, काठी भिंतीला टेकवली आणि दुपारपर्यंत घरी गेलाच नाही.