डोळे उघडण्याचा नारळ

गोवर्धन माळ्याला चित्रं काढायला कोणी शिकवलं म्हणाल, तर कोणीच नाही. अमरावतीत राजापेठेबाहेर त्याचा वांग्यांचा अन् झेंडूचा मळा होता. देवळात रोज फुलं पोचवायची, एवढाच त्याचा देवाशी संबंध. एका वर्षी जयपूरकडचा कोणी चितारी देवळाच्या भिंती रंगवायला आला, आणि हा गडी फुलांची टोपली खाली ठेवून तासन् तास तिथे उभा राहू लागला. चितारी मोठा खडूस. काही विचारलं की हाकलून द्यायचा. पण पाहणाऱ्याला किती हाकलणार? गेरू कसा घोटतो, बाभळीचा डिंक कधी घालतो, खारीच्या शेपटीच्या केसांची कुंचली कशी बांधतो, ते सगळं गोवर्धनने नजरेने उचललं. आणि शेवटची गोष्टही उचलली. देवाचं अंग रंगवून झालं तरी चितारी डोळे तेवढे कोरे ठेवी. मग नारळ फोडी, पाणी शिंपडी, अन् त्यानंतरच बुबुळं भरी.

हे देवाचं करायचं असतं, माणसाचं नाही. एखादा गुरू असता तर त्याने पहिल्याच दिवशी कान पिळून सांगितलं असतं. गोवर्धनला गुरू नव्हता. त्याला वाटलं, चित्र म्हटलं की असंच करतात.

पुढे सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. कालपर्यंत चटणी-भाकरीवर दिवस काढणारे लोक बैलांची शिंगं चांदीने मढवू लागले. आता पैसा आला की माणसाला आपलंच तोंड पाहायची हौस येते, त्याला कोण काय करणार! ज्याला त्याला ओसरीच्या भिंतीवर आपली तसबीर हवी झाली. गोवर्धनचा हात खरोखर चांगला होता, नाकाजागी नाक अन् तिळाजागी तीळ उतरायचा. बायको शकुन मळा सांभाळी, आणि हा नवा अंगरखा घालून गावोगाव फिरे. खरं सांगायचं तर जरा फुगलाच होता.

अंजनगावच्या महादेवरावांची तसबीर त्याने काढली, नारळ फोडला, डोळे भरले. पंधरवडा उलटायच्या आत महादेवराव उलट्या-जुलाबांच्या पटकीने गेले. त्या साली पटकी घरोघर होती, त्यामुळे कोणी त्याचा काही अर्थ लावला नाही.

मग अकोल्याच्या खुशालरावांचं बोलावणं आलं. तसबीर पुरी झाली, डोळे राहिले, तसा गोवर्धनने नारळ हातात घेतला.

"हा काहून?" खुशालरावांनी विचारलं.

"चित्रात जीव घालाले, मालक. डोये उघडले का जीव येते."

बोलला आपला ऐटीत. पण दाराशी खुशालरावांची बायको मनकर्णाबाई उभी होती. तिने विचारलं, "कोनाचा जीव?"

गोवर्धन नुसता हसला, आणि त्याने बुबुळं भरली.

दुसऱ्या दिवशी खुशालरावांना उलट्या लागल्या, हातपाय गार पडले, आणि दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं. मनकर्णाबाईने त्या भिंतीवर शेणाचा पोतेरा फिरवला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगे, मी त्याले विचारलं, कोनाचा जीव, तं तो हासला.

गोवर्धनची बैलगाडी अमरावतीत पोचायच्या आधी ही गोष्ट पोचली. त्यात नेमकी ती लढाई मिटली. भाव कोसळला, कापूस घराघरांत पडून राहिला. लोकांची डोकी आधीच तापलेली, त्यांना कोणीतरी हवाच होता. बाया शकुनकडून भाजी घेईनात. देवळातून सांगणं आलं, तुमची फुलं नको. मळ्याच्या वाटेवर कोणीतरी बिब्बे अन् लिंबं टाकून गेलं. शकुनने गाठोडं बांधायला घेतलं.

"आपन माह्या मायकडं जाऊ," ती म्हणाली. "आजच निंगू."

"पयालो तं खरंच वाटन लोकायले."

"वाटू द्या न बाप्पा. जीव तं राहीन."

पण गोवर्धन तापट. तो तडक भगवंतरावांकडे गेला. राजापेठेत भगवंतरावांच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं. सगळ्यांदेखत गोवर्धन म्हणाला, "मी माह्या घराच्या भिंतीवर माहीच तसबीर काढतो. नारय फोडून डोये भरतो. लोक म्हनते ते खरं असन तं मी मरन."

"आन् खोटं असन तं?"

"तं मी जगीन, मालक."

"बरं," भगवंतराव म्हणाले, "येत्या बाजारापर्यंत पाहू."

आरसा समोर ठेवून त्याने स्वतःचं तोंड काढलं. इतकं चांगलं काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. अंगणात माणसं दाटली होती. नारळ फुटला. बुबुळं भरताना आता त्यालाही भीती वाटत होती. लोकांचं ऐकून ऐकून त्यालाही अर्धंमुर्धं पटलं होतं.

बाजारापर्यंतचे दिवस त्या घराने कसे काढले, ते विचारू नका. जरा पोटात गुडगुडलं की शकुन त्याचे तळवे चाचपायची. तो धड जेवेना. तसबीर मात्र भिंतीवरून टक लावून पाहत होती, म्हणून शकुनने तिच्यावर लुगडं टांगलं.

बाजाराचा दिवस उजाडला. गोवर्धनला ताप नाही, उलटी नाही, काही नाही. त्याला सपाटून भूक लागली. ठेचा-भाकर खाता खाता तो मोठ्याने हसला, आणि शकुन रडायला लागली. तेवढ्यात अंगणात माणसांची चाहूल लागली. हात न धुताच तो बाहेर धावला.

"पाहा मालक," तो म्हणाला, "मी धडधाकट हावो. मले काईच नाई झालं."

"पाहून राहिलो," भगवंतराव म्हणाले.

कोणीच हसलं नाही. त्या दिवशीपेक्षा गर्दी जवळ आली होती, आणि कोणाच्या हातात काठी होती, कोणाच्या हातात विळा.

"महादेवराव गेले. खुशालराव गेले," भगवंतराव सावकाश म्हणाले. "त्याच नारयानं, त्याच हातानं. तुले मातर काईच झालं नाई. मंग त्या दोघायचं उरलेलं आयुष्य कोनाच्या अंगात गेलं, गोवर्धन?"

गोवर्धनने उष्टे हात जोडले. त्याच्या दाढीला भाकरीचे कण लागले होते. मागे कोणीतरी घराचं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली. शकुन आतून दार बडवू लागली, आणि गर्दीतलं एकही माणूस तिकडे पाहत नव्हतं.